डाव्या हाताचा आकडा

आमच्या कॅज्युअल्टीत भिंतीवर एक पांढरा बोर्ड आहे. खाटा चार, म्हणून ओळी चार. प्रत्येक ओळीत नाडी, बीपी, ऑक्सिजन, साखर अशा चौकटी आखलेल्या. एका चौकटीत एकच आकडा मावतो. दुसरा लिहायचा तर पहिला पुसायचा, आणि डस्टर कधीच जागेवर नसतो, त्यामुळे आम्ही तळहातानेच पुसतो. ड्यूटीवरून घरी गेले की माझा काळा तळहात बघून नवरा म्हणायचा, "आज किती जणांचं नशीब पुसून आलीस?" हल्ली तो तसं म्हणत नाही.

आमच्या डॉक्टरांना आम्ही मागे 'एकवचनी' म्हणायचो. वय पस्तिशीचं, चालणं पळाल्यासारखं, हुशारीला तोड नाही. त्यांचा एकच हट्ट. "गोष्ट नको, आकडा सांगा." पेशंटची बहीण काय म्हणाली, तो सकाळी काय करत होता, हे सांगायला कुणी तोंड उघडलं की ते हाताचा पंजा वर करायचे, वाहतूक पोलिसासारखा. आम्हाला सुरुवातीला राग यायचा. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटायला लागला. हार्ट अटॅकचा पेशंट दारातून आत आल्यापासून रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन टोचेपर्यंत किती मिनिटं लागली, त्याचा कागद बोर्डाशेजारी लावलेला असायचा. आमचा सर्वात कमी वेळ एकोणीस मिनिटं. दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टर जेवायला भेटल्या की मी तो आकडा असा सांगायचे, जसा काही माझ्या मुलाचा निकाल.

आणि होतं एक बीपीचं मशीन. चाकांच्या स्टँडवरचं. त्याला सगळे 'खोटारडं' म्हणत. एकदा मामांनी, म्हणजे आमच्या वॉर्डबॉयने, गंमत म्हणून त्याचा पट्टा उशीला बांधला तर त्याने उशीचंही बीपी दिलं. ऐंशी. "उशी अशक्त आहे, सलाईन लावा," असं म्हणून आम्ही दिवसभर हसलो होतो. तक्रारवहीत त्याच्या नावाने सात तक्रारी होत्या. त्यातल्या पाच माझ्या अक्षरात.

हॉस्पिटलचा वायरमन मात्र त्याची बाजू घ्यायचा. नावाला वायरमन, पण पंखे, नळ, ट्रॉलीची चाकं, मशीनं, सगळं त्याच्याच गळ्यात. त्रेपन्न वर्षांचा, खिशात टेस्टर, कमरेला चाळीस-एक किल्ल्यांचा जुडगा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा असून मला ताई म्हणायचा आणि मी त्याला दादा.

"ताई, त्याला खोटारडं म्हणू नका हो. त्याची नळी चिरलीय, हवा जाते. तुमचा श्वास चोरला तर तुम्ही तरी धड बोलाल का?"

"मग नळी बदला ना, दादा."

"आठ महिने झाले मागून. स्टोअरवाले म्हणतात, येतेय. माझ्या लग्नाचा बँडसुद्धा असाच येत होता."

त्या दिवशी मी दोनला ड्यूटीवर आले. सकाळच्या सिस्टरची मुलगी फाटकाशी उभी होती, तिला तापाने घेरलेलं. चार मिनिटांत चार पेशंट सांगून सिस्टर गेली. मशीनचं तिने काही सांगितलं नाही. मशीनचं सांगायची आमच्यात पद्धतच नव्हती. ड्यूटी बदलताना पेशंट सांगायचे, मशीन नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी वायरमनदादा दारातून चालत आला. एक हात छातीवर, दुसरा चौकटीवर. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, चेहरा राखेसारखा.

"ताई, माझंच शॉर्टसर्किट झालंय बहुतेक."

आपल्या घरातलं माणूस पेशंट म्हणून आलं की हात जास्त वेगाने चालतात, डोकं जास्त हळू. हे मला आता कळतं. त्याला दोन नंबरच्या खाटेवर घेतलं. मावशी, म्हणजे आमची आया, त्याचा शर्ट काढू लागली. मामांनी ईसीजीच्या तारा लावल्या. उजव्या हाताला हळूबाईने मशीनचा पट्टा बांधला. हळूबाई म्हणजे माझ्या हाताखालची सिस्टर, नोकरीला दुसरं वर्ष. कामात चोख, पण आवाज असा की जणू झोपलेलं मूल शेजारी आहे. तिने बोर्डावर बीपी लिहिलं. एकशे अठ्ठ्याहत्तर.

ईसीजीचा कागद बाहेर आला. डॉक्टरांनी एकदाच बघितला.

"अटॅक. खालची बाजू. घड्याळ लावा."

सगळे हलले. दादाच्या उजव्या हाताची शीर दोरीसारखी वर होती, म्हणून हळूबाईने मशीनचा पट्टा सोडला आणि तिथे सलाईनची सुई घातली. मी इंजेक्शनची पेटी उघडली.

"बीपी?"

मी बोर्डाकडे बघितलं. एकशे अठ्ठ्याहत्तर. एवढं बीपी असेल तर ते इंजेक्शन द्यायला डॉक्टर कचरणार, कारण त्याने डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. मग आधी बीपी उतरवा, वाट बघा, घड्याळ धावतंय. आणि समोर हा माणूस, थंडगार, घामेजलेला. याचं बीपी एकशे अठ्ठ्याहत्तर? खोटारडं पुन्हा बोललं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. खुंटीवरचा जुना हाताने फुगवायचा पट्टा मी ओढला. उजव्या हाताला सलाईन होतं. डावा हात मोकळा होता. डाव्या हाताला बांधला, कानाला नळ्या लावल्या. सव्वीस वर्षं हे कान ऐकत आलेत. गलका असो, रडारड असो, मला ते ठोके ऐकू येतात. एकशे बारा. खात्रीसाठी पुन्हा फुगवला. एकशे बारा.

"एकशे बारा!"

खाटेच्या पलीकडून हळूबाई म्हणाली, "सिस्टर, मला एकशे अठ्ठ्याहत्तर..."

"त्या खोटारड्याचं काय घेऊन बसलीस?"

डॉक्टरांनी पंजा वर केला. "एकच सांगा."

"एकशे बारा. हाताने घेतलंय."

"छान. चला."

मी तळहाताने तिचा आकडा पुसला आणि माझा लिहिला.

दादा खालून माझ्याकडे बघत होता. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाला, "ताई, ते मशीन मी..."

"गप्प पडा दादा. मशीनचं मरू दे. नंतर बघू."

मी मास्क पुन्हा त्याच्या तोंडावर बसवला. चांगला घट्ट.

सतरा मिनिटांत इंजेक्शन गेलं. मामांनी घड्याळ बघून अंगठा वर केला. आमचा नवा आकडा.

चारला पाच कमी असताना दादाने पाठ वर उचलली, जणू खाटेतून कुणी ढकललं. मग डोळे फिरले. नाडी धाग्यासारखी झाली. डॉक्टर छाती दाबत होते, मी औषधं देत होते. वरच्या मजल्यावरून मोठे डॉक्टर पळत आले. त्यांनी सोनोग्राफीचं छोटं मशीन छातीवर टेकवलं आणि पडद्याकडे बघत राहिले.

"हा साधा अटॅक नाही. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून उसवलीय. रक्त हृदयाभोवती साठलंय. काय दिलंत?"

डॉक्टरांनी इंजेक्शनचं नाव सांगितलं. उसवलेल्या रक्तवाहिनीत रक्त गोठून जे काही धरून राहिलं असेल तेही वाहून जाईल, असं ते औषध. अशा पेशंटला ते चुकूनही द्यायचं नसतं.

मोठे डॉक्टर ओरडले नाहीत. हळू विचारलं, "दोन्ही हातांचं बीपी घेतलं होतं का? अशात एका हाताचा रक्तपुरवठा दबतो. दोन हातांत दोन आकडे येतात."

डॉक्टर बोर्डाकडे बघत होते. तिथे एकशे बारा होतं. त्याच्याखाली माझ्या तळहाताचा काळपट डाग. हळूबाई बोर्डाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

दादा चार चाळीसला गेला.

त्यानंतर मी खाट आवरली, कारण काहीतरी आवरायला हवं होतं. मशीनची वायर गुंडाळायला स्टँड फिरवला. मागच्या बाजूला, जिथे स्क्रू असतात तिथे, पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेलं होतं. "नळी बदलली. ठीक आहे. दु. १२." खाली त्या दिवसाची तारीख. माणूस जिथे काम करतो तिथेच लिहितो. मागे कुणी बघत नाही, हे त्याच्या मनातच आलं नसणार. आणि सकाळच्या सिस्टरला त्याने तोंडानेही सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी तिथेच स्टुलावर बसून पट्टा माझ्या हाताला बांधला. एकशे सव्वीस. मग खुंटीवरचा बांधला, ऐकलं. एकशे चोवीस. मग दुसरा हात. तेच. मशीन खरं बोलत होतं. माझे कानही खरं बोलत होते. मी दोन मशीनांचं भांडण लावत बसले, आणि भांडण होतं दोन हातांचं.

संध्याकाळी मोरीत मावशी बेसिन घासत होती. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते म्हणून खांद्याने नाक पुसत होती.

"सिस्टर, शर्ट काढताना मला म्हणाला होता तो. मावशी, पाठीत आतून कुणीतरी कापड फाडतंय, टर्रकन्. असंच म्हणाला."

सव्वीस वर्षांत एवढं मलाही ठाऊक होतं. अटॅकवाले दाबल्यासारखं म्हणतात, आवळल्यासारखं म्हणतात. फाडल्यासारखं म्हणणारा पेशंट वेगळा असतो.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. मामांना सांगितलं. मामा म्हणाले, डॉक्टरांना गोष्ट नको असते. आणि माझ्याकडे आकडा नव्हता." ती बेसिन घासत राहिली. "फाडण्याचा काय आकडा असतो, सिस्टर?"

मावशीकडे एक तुकडा, हळूबाईकडे एक, माझ्याकडे एक, खुद्द पेशंटकडे एक. सगळे मिळून एका खाटेभोवती चार फुटांत उभे होतो. मोठे डॉक्टर नंतर म्हणाले, कळलं असतं तरी वाचलाच असता असं नाही. सर्जन कुठे, टेबल कुठे, वेळ किती. कदाचित वाचला असता, कदाचित नाही. त्या कदाचितचं मी आठ दिवस काय केलं? घरी भाजी चिरली. नवऱ्याने विचारलं, काय झालंय, तर म्हटलं, गुडघा दुखतोय. चौकशीसाठी लेखी मागितलं तेव्हा एक ओळ लिहिली. "पेशंटचे बीपी ११२ होते." त्यात खोटं काहीच नव्हतं. मी ती ओळ तीनदा वाचली आणि मलाच तिची किळस आली, तरी सही केली.

आठव्या दिवशी अकराला अधीक्षकांच्या खोलीत बैठक झाली. अधीक्षक, मोठे डॉक्टर, आमचे डॉक्टर, हळूबाई, मी. टेबलावर तक्रारवही उघडी. अधीक्षक स्वभावाने वाईट नाहीत. त्यांना फक्त फाईल बंद झालेली आवडते.

"दोन जबाब आहेत," ते म्हणाले. "एक सिस्टर म्हणते एकशे अठ्ठ्याहत्तर, मशीनवर. दुसऱ्या म्हणतात एकशे बारा, हाताने. आता मशीनविरुद्ध सात तक्रारी आहेत. म्हणजे पहिला आकडा मशीनच्या दोषाचा. बरोबर? आणि मशीन दुरुस्त ठेवणं हे काम..." ते थांबले. "असो. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं. पण दोष यंत्राचा होता एवढं नोंदवू. कुणाच्या नोकरीला धक्का नाही."

डॉक्टर म्हणाले, "मी एकच आकडा मागितला होता, सर. ते लिहा."

"ते लिहून काय होणार?"

डॉक्टर आठ दिवसांत वाळले होते. त्यांनी पंजा वर केला नाही. हात मांडीवरच होते.

हळूबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. तिची नजर माझ्याकडे आली, आठ दिवसांपूर्वी आली होती तशीच. तिला माझी भीती वाटत होती, हे मला तेव्हा दिसलं. डॉक्टरांची नाही. माझी.

तेवढ्यात शिपायाने दादाच्या बायकोला आत आणलं. हॉस्पिटलच्या किल्ल्या जमा करायला तिला बोलावलं होतं, आणि निकाल तोंडी सांगून टाकू असा अधीक्षकांचा विचार होता. वहिनी आम्हाला नवीन नव्हत्या. क्वार्टर्समध्ये मागेच राहायच्या. त्यांच्या मनगटावर दादाचं घड्याळ होतं, पट्टा मोठा, कोपरापर्यंत घसरणारं. त्यांनी जुडगा टेबलावर ठेवला. एवढ्या किल्ल्यांचा आवाज त्या खोलीत फार मोठा झाला.

अधीक्षकांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, मऊ आवाजात सांगितलं. चौकशी झाली. कुणाचा निष्काळजीपणा आढळला नाही. बीपीच्या मशीनमध्ये दोष होता, त्यामुळे गोंधळ झाला.

"कुठलं मशीन?" वहिनींनी विचारलं.

"कॅज्युअल्टीतलं. स्टँडवरचं."

त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "ते तर त्याच दिवशी दुरुस्त केलं त्यांनी. दुपारी जेवायला आले तेव्हा खुशीत होते. म्हणाले, आज त्या बिचाऱ्याचं तोंड उघडलं, आता कुणी खोटारडं म्हणणार नाही." त्या हातातल्या घड्याळाकडे बघू लागल्या. "म्हणजे त्यांच्याच हातून राहिलं का काही?"

अधीक्षकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

मी उठले.

"वहिनी, मशीन बरोबर होतं."

"सिस्टर," अधीक्षक म्हणाले, "बसा जरा."

"मशीन बरोबर होतं. मागे चिकटपट्टी आहे, त्यांच्या अक्षरात, अजून आहे. मी स्वतःच्या हातावर लावून बघितलं. त्यांनी ते अगदी नीट केलं होतं. हिने उजव्या हाताचं घेतलं, एकशे अठ्ठ्याहत्तर. मी डाव्या हाताचं घेतलं, एकशे बारा. दोन्ही खरे होते. दोन्ही शेजारी लिहिले असते तर आजार कळला असता. मी हिचा पुसला. ही सांगत होती, मी हिला गप्प केलं."

हळूबाई रडायला लागली, आवाज न करता, जसं ती सगळं करते.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

"आज आठवा दिवस आहे."

"हो."

किल्ल्या जमा केल्याची पावती टेबलावर होती. वहिनींनी ती उलटी केली आणि माझ्यासमोर सरकवली. "दोन्ही आकडे लिहून द्या. उजव्याचा आणि डाव्याचा. आणि ते मशीनचं. खाली सही करा. माझी मुलगी रोज विचारते, बाबांकडून काही राहिलं होतं का. तिला दाखवीन."

"सिस्टर, लेखी देऊ नका," अधीक्षक म्हणाले. "मी तुमच्याच भल्याचं सांगतोय. याचा अर्थ काय होतो कळतंय ना?"

कळत होतं. पेन्शनला सात वर्षं होती. मोठ्या डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मी लिहिलं. उजवा हात, १७८. डावा हात, ११२. मशीन ठीक होते. पहिला आकडा मी पुसला. सही, तारीख. त्या दिवसानंतर ते दोन आकडे पहिल्यांदाच एका कागदावर आले. शेजारी शेजारी इतके उघड दिसत होते की नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळलं असतं.

वहिनींनी कागद वाचला. घडी केली, पर्समध्ये ठेवला. पाण्याला हात लावला नाही. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"शेवटी काही म्हणाले का ते?"

इथे खोटं बोलायला जागा होती. तुमचं नाव घेतलं, मुलीची आठवण काढली. आम्ही सिस्टर असं सांगतो, नेहमी सांगतो, आणि त्याचं पाप लागत नाही असं धरून चालतो.

"मशीनबद्दल सांगत होते," मी म्हटलं. "ते मशीन मी, एवढं म्हणाले. मी म्हटलं, गप्प पडा. आणि मास्क लावला."

वहिनींनी मान हलवली, जणू हे त्यांना पटलं, हे त्यांच्या माणसासारखंच होतं.

"मास्कच्या आत बोलत राहिले असतील," त्या म्हणाल्या. "त्यांना अर्धं वाक्य सोडायची सवय नव्हती."

मी होय म्हटलं. ओठ हलत होते. मी बघितलं होतं.